जिभेचा कौल आणि रक्ताचा हिशेब

भारतात मिळणाऱ्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण ‘४२.८ टक्के’ असे छापलेले असते. चाळीस नाही, पंचेचाळीसही नाही. नेमके बेचाळीस पूर्णांक आठ. जगात बहुतेक ठिकाणी चाळीस टक्क्यांवर काम भागते. मग आपल्याकडे हा दशांश कुठून आला?

तो आला ब्रिटिश अबकारी खात्याच्या जुन्या मोजपट्टीतून. दारूत बंदुकीची दारू भिजवायची आणि काडी लावायची. पेटली तर दारू ‘प्रूफ’, म्हणजे कसाला उतरलेली, अशी त्या शब्दामागची गोष्ट सांगतात. पुढे १८१६ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने साइक्स यांचा हायड्रोमीटर अधिकृत मानला आणि काडीपेटीची जागा तरंगणाऱ्या गोळ्याने घेतली. आजच्या भाषेत ब्रिटिश प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याहून पंचवीस अंश खालची, ‘२५ अंडर प्रूफ’ दारू म्हणजे ५७.१ चे पाऊण. गुणाकार केला की ४२.८ येतात. साम्राज्य गेले, गॅलन गेले, आणे-पै गेले; हा आकडा मात्र बाटलीवर तसाच राहिला.

या मोजपट्टीचे एक मोठे गिऱ्हाईक मुंबई बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरणाऱ्या आजच्या प्रवाशाला ते सांगूनही पटणार नाही, पण एकोणिसाव्या शतकात उरण आणि त्याचे मोरा बंदर दोन गोष्टींसाठी ओळखले जाई : मीठ आणि मोहाची दारू. उरण तेव्हा पनवेल तालुक्याच्या पोटात होते. मोहाची वाळलेली फुले गुजरातेतून येत, पाण्यात भिजत, आंबत आणि भट्ट्यांतून ऊर्ध्वपातित होऊन पिंपांत भरली जात. भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या होत्या आणि माल मुंबई शहराकडे जाई. पिंप हलण्याआधी अबकारी अधिकारी त्यात हायड्रोमीटर सोडत. कर दारूच्या चवीवर नव्हता, तो जोरावर होता. मुंबई इलाख्यात देशी दारूच्या दोन प्रती ठरल्या होत्या, २५ अंडर प्रूफ आणि ६० अंडर प्रूफ. पहिली आजच्या व्हिस्कीइतकी जहाल. दुसरी जेमतेम २३ टक्क्यांची, म्हणजे जवळपास निम्म्या जोराची.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही सगळी व्यवस्था आवळली. ताडामाडावरच्या करामुळे भंडारी समाजाचे कंबरडे मोडले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची नुसती फुले बाळगण्यावरही बंधने आली. कारण कागदावर होते चोरट्या भट्ट्यांचे. जंगलातल्या माणसाचे ते खाणेही होते, याची फारशी फिकीर सरकारला नव्हती. इथे त्या इतिहासातली एकच गोष्ट कामाची आहे : दारूच्या दोन प्रती त्यांच्या जोरावरून ओळखायच्या, ही सवय या किनाऱ्याला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच लागली. आजही बियर शॉपच्या खिडकीवर पहिला प्रश्न ‘कुठली?’ असा नसतो. तो असतो ‘स्ट्राँग की माइल्ड?’

या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘स्ट्राँग’ असते. भारतात खपणाऱ्या बियरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचाच आहे. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बियर सौम्य, पाचाच्या वर आठपर्यंतची स्ट्राँग. पनवेल तालुक्यातच, तळोजा औद्योगिक वसाहतीत, बियरचा कारखाना आहे. तेव्हा हा विषय या भागाला परका नाही.

अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मराठी मुले सुटीत घरी आली की गप्पांत बियरची तुलना निघतेच. तिथली कुठली आवडली, कुठली पाण्यासारखी लागली, इथली कशी ‘डोक्यात जाते’. तुलनेचा हा खेळ अमेरिकेतही जोरात असतो, आणि त्यात एक गंमत आहे. ज्या बियरना सर्वाधिक नावे ठेवली जातात, त्याच दशकानुदशके सर्वाधिक खपत आल्या. बडवायझर, मिलर लाइट, कूर्स लाइट या फिकट, हलक्या लागर बियरना चोखंदळ मंडळी ‘पाणी’ म्हणतात. या पाणचटपणामागे शेतीचे कारण आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या बियरवाल्यांना तिथे जो जव मिळाला, तो सहा ओळींच्या कणसाचा होता. त्यात प्रथिने जास्त, त्यामुळे बियर गढूळ होई. उपाय म्हणून त्यांनी मका आणि तांदूळ मिसळायला सुरुवात केली. प्रथिने विरळ झाली, बियर नितळ झाली, चवही हलकी झाली. १८७६ मध्ये बाजारात आलेल्या बडवायझरमध्ये तांदूळ आहे तो याच परंपरेतला. भारतातला जवही पूर्वापार बहुतांशी सहा ओळींचाच. आपल्याकडच्या अनेक बियरमध्ये तांदूळ किंवा साखर असते, त्याला फक्त काटकसर म्हणणे पुरेसे नाही.

दुसऱ्या टोकाला आहे अमेरिकी चोखंदळांची लाडकी ‘आयपीए’, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे, कारण इंग्लंडहून भारतातल्या गोऱ्यांसाठी जहाजाने येणाऱ्या फिक्या एलमध्ये हॉप्स या वनस्पतीची फुले जास्त घालत. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि काही जिवाणूंची वाढही रोखली जाते, म्हणून लांबच्या प्रवासात ती टिके. अशी काही पिंपे मुंबई बंदरातही उतरत, मोऱ्याच्या समोरच्या काठावर. या काठावर मोहाची, त्या काठावर हॉप्सची. पुढे इंग्लंडमध्ये ही बियर मागे पडली आणि १९८० नंतर अमेरिकेतल्या छोट्या भट्टीवाल्यांनी तिला भलतीच कडू करून पुन्हा उभे केले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये घरगुती बियर बनवण्याला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली होती, तिचा या लाटेत मोठा हात होता. ही लाट पुण्यात २००९ मध्ये ‘दूलाली’च्या रूपाने पोहोचली.

म्हणजे पाणचट आणि कडू ही दोन टोके झाली. पण माणसांना त्यांच्यातला, किंवा एकाच जातीच्या दोन बियरमधला फरक खरोखर कळतो का? हे तपासले गेले आहे.

१९६४ मध्ये राल्फ ॲलिसन आणि केनेथ उल या अमेरिकी संशोधकांनी नेमाने बियर पिणाऱ्यांना लेबल काढलेल्या बाटल्यांचे सहाचे खोके घरी दिले. त्यातल्या काहींत त्यांचा नेहमीचा ब्रँड होता. पिणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. सगळ्या बाटल्यांना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले. मग त्याच बियर लेबलसह दिल्या. गुण वाढले, आणि आपापल्या आवडत्या ब्रँडला तर घसघशीत वाढले. पेय तेच होते. बदलला होता फक्त कागद.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहून कडक होता. तीन ग्लास समोर ठेवायचे, दोनांत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. युरोपातल्या तीन नामवंत लागर घेतल्या होत्या. लोकांची उत्तरे अंदाजपंचे दिलेल्या उत्तरांहून फारशी सरस निघाली नाहीत. २००६ मध्ये मांडलेला प्रयोग खट्याळ आहे. अमेरिकेतल्या पबमध्ये बियरमध्ये चक्क बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब टाकले. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिनेगरवाली बियरच पसंत केली. ज्यांना पिण्याआधी सांगितले त्यांनी तोंड वाकडे केले. ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितले त्यांचे मत मात्र फारसे बदलले नाही. म्हणजे माहिती जिभेवर काम करते ती घोटाच्या आधी पोहोचली तर. हा त्रिकोणी प्रयोग घरी करायचा तर बियर हवीच असे नाही. दोन कंपन्यांच्या कोलाने किंवा दोन प्रकारच्या चहा पावडरने तो तितकाच रंगतो आणि घरातल्या सगळ्यांना खेळता येतो.

याचा अर्थ चव नावाचे काही नसतेच, असा मुळीच नाही. आयपीए आणि मिलर लाइट यांतला फरक कुणालाही कळेल. हॉप्समधल्या कडू आम्लांना पकडणारे ग्राहक जिभेवर असतात. कडवटपणा ओळखणारे असे सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक माणसात आहेत आणि त्यांची ठेवण जनुकांनुसार माणसागणिक बदलते. कारले एकाला गोड मानून खाता येते आणि दुसऱ्याला उलटी येते, त्यातला काही भाग इथे आहे. उरलेला भाग सवयीचा. पहिल्या घोटाला बियर कुणालाच आवडत नाही; मेंदू त्या कडवटपणाची सांगड हळूहळू नशेशी, मित्रांशी आणि चखण्याशी घालतो.

थंडपणाचा वाटाही मोठा. जिभेवर गोड-कडू चवीचा संदेश पुढे नेणारी एक प्रथिन-वाहिनी तापमानाप्रमाणे कमी-जास्त चालते. थंडीत ती सुस्तावते. बर्फासारखी गार बियर ‘मस्त’ लागते याचे एक कारण, तिची चव नीट लागतच नाही. ग्लासात कोमट झाली की तीच बियर नकोशी होते, ती अचानक बिघडली म्हणून नव्हे.

खरोखर बिघडलेली बियर ओळखायची असेल तर उन्हाकडे पाहावे. हॉप्समधली कडू द्रव्ये प्रकाशात तुटतात आणि गंधकयुक्त एक संयुग तयार होते. स्कंक नावाच्या अमेरिकी प्राण्याच्या दुर्गंधीशी त्याचे नाते आहे आणि ते इतके तीव्र असते की अब्जांशाहूनही कमी प्रमाणात नाकाला कळते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पांढरी जवळपास नाहीच. पारदर्शक बाटलीत बियर विकणाऱ्या मिलरसारख्या कंपन्या म्हणूनच हॉप्सचा रासायनिक बदल केलेला अर्क वापरतात. आयात केलेली हिरव्या बाटलीतली बियर ‘काहीतरी वेगळी’ लागते, तेव्हा त्या वेगळेपणात दुकानाच्या काचेतून आलेल्या उन्हाचा हात असू शकतो. पैसे मात्र परदेशी चवीचे मोजलेले असतात.

इथपर्यंत जिभेचे झाले. शरीराचा हिशेब निराळा आहे, आणि अमेरिकेशी तुलना करताना खरा घोटाळा तिथेच होतो. रक्ताला ब्रँड कळत नाही, ग्रॅम कळतात.

अमेरिकेत ‘एक बियर’ म्हणजे साधारण ३५५ मिलिलिटरचा कॅन, पाच टक्क्यांचा. त्यात शुद्ध अल्कोहोल १४ ग्रॅम. तिथे प्रमाण पेय म्हणून हाच आकडा धरतात. आपल्याकडे ‘एक बियर’ म्हणजे ६५० मिलिलिटरची बाटली. सौम्य असेल तर त्यात सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये जेमतेम १० ग्रॅम असते. म्हणजे ‘मी दारू पीत नाही, फक्त एक बियर घेतो’ असे म्हणणाऱ्याने स्ट्राँगची बाटली संपवली, तर त्याने चार पेग घेतले. अमेरिकी मोजपट्टीने त्याच्या पोटात जवळपास तीन बियर गेल्या. लेबलवर अनेकदा ‘आठ टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असे लिहिलेले असते, ते कमाल मर्यादा सांगते. नेमका आकडा त्याहून थोडा कमी असू शकतो, पण हिशेब कमालीवर धरलेलाच बरा. तो करायलाही सोपा आहे : मिलिलिटरला टक्क्यांनी गुणावे, शंभराने भागावे आणि आलेल्या संख्येचे ऐंशी टक्के घ्यावेत. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने हे ऐंशी टक्के.

कायदाही दोन्हीकडे सारखा नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वाहन चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ती ३० आहे. साठ किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी अमेरिकी कॅनभर बियर घेतली तर पातळी तीस-पस्तीसपर्यंत चढून तासाभरात विशीवर उतरते. त्यामुळे ‘एक बियर घेऊन गाडी चालवली तर काय बिघडते’ हे वाक्य तिथल्या सिनेमात खपून जाते. तोच माणूस आपल्या सौम्य बाटलीनंतर साठीच्या आसपास असतो आणि स्ट्राँगच्या बाटलीनंतर शंभरावर, म्हणजे आपल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच वजनाला तिची पातळी आणखी वर जाते. हा कच्चा हिशेब आहे. जेवण, वेग, यकृताची तब्येत यांनी तो हलतो. पण इतका हलत नाही की शंभराचे तीस व्हावेत.

बियरला औषध मानण्याचाही एक रिवाज आपल्याकडे आहे. मुतखडा झाला की चार जणांतला एक तरी ‘बियर पी, पडून जाईल’ असा सल्ला देतो. यात अर्धे सत्य आहे आणि तेच घातक आहे. बियरमुळे लघवी वाढते हे खरे : अल्कोहोल मेंदूतून सुटणारे, पाणी धरून ठेवायला सांगणारे संप्रेरक दाबते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणी-अभ्यासांत बियर पिणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण काहीसे कमी दिसले, हेही खरे. पण ती नवे खडे होण्याची आकडेवारी आहे. असलेला खडा बियरने विरघळतो किंवा निसटतो असे त्यातून निघत नाही. उलट बियरमधल्या प्युरिनमुळे रक्तात यूरिक आम्ल वाढते, आणि यूरिक आम्लाचे खडे ही मुतखड्याची एक जातच आहे. संधिवाताचा गाउट हा प्रकारही बियरने बळावतो. नंतर शरीर कोरडे पडते ते वेगळेच. खडा मूत्रवाहिनीत अडकलेला असेल तर जोराने लघवी वाढवून वेदनाच वाढण्याची शक्यता. जे काम पाणी फुकट करते त्यासाठी ४१ ग्रॅम अल्कोहोल यकृताच्या गळ्यात मारण्याचा हा सल्ला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्य हे कर्करोगकारक असल्याचे १९८८ मध्येच जाहीर केले. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. यात बियरला सवलत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाचा संबंध अल्कोहोलशी आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडशी आहे. ते मोहातून आले की जवातून, याने फरक पडत नाही. महाराष्ट्राने सौम्य बियरसाठी वयाची अट २१ आणि कडक मद्यासाठी २५ ठेवली आहे. जोरावरून भेद करण्याची ही जुनी अबकारी दृष्टी निदान इथे तरी शहाणपणाची म्हणायला हवी.

उरलेला प्रश्न वेळेचा. यकृत अल्कोहोल एका ठरावीक गतीनेच जाळते; रक्तातली पातळी तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमने उतरते. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, उलटी यांनी ती गती वाढत नाही. माणूस जागा होतो, शुद्धीत येत नाही. उरणच्या रस्त्यांवर बंदराचे कंटेनर ट्रेलर रात्रंदिवस धावतात. त्यातल्या एखाद्या साठ किलोच्या चालकाने रात्री अकरापर्यंत स्ट्राँगच्या दोन बाटल्या संपवल्या, तर त्याची पातळी दोनशेच्या घरात जाते. झोपेच्या सात तासांत त्यातले सुमारे शंभर मिलिग्रॅम उतरतात. सकाळी सहाला तो तोंड धुऊन, चहा घेऊन स्टीअरिंगवर बसतो, तेव्हा त्याच्या रक्तात अजून नव्वदच्या वर अल्कोहोल असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही तो त्या क्षणी गुन्हेगार ठरेल.